सोळा जानेवारीचं कारण

हॅलस्टनमध्ये शाळा भरणार की बंद राहणार, हे एकोणतीस वर्षं डेल्मर हॉवलंड ठरवत होता. डेल्मर काही मुख्याध्यापक नव्हता की शाळेच्या बोर्डाचा सभासद नव्हता. शाळेच्या बसगाड्यांचा मुख्य ड्रायव्हर, एवढंच. शाळेचा कारभार बघणारे सुपरिंटेंडेंट आले आणि गेले, बोर्डावरची माणसं निवडून आली आणि पडली, पण हिवाळ्यात सव्वाचारला उठून, पिकअप काढून, गावाबाहेरचे खडीचे रस्ते फिरून बघायचं काम त्याचं होतं. कुठे बर्फ साचलाय, कुठल्या पुलावर निसरडं झालंय, बस वळेल की खड्ड्यात जाईल, हे सगळं बघून तो घरी यायचा आणि शाळा बंद ठेवायची असली तर पाच वाजता 'चॅनेल सहा' या टीव्ही केंद्राला फोन करायचा. साडेपाचपासून टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी बंद शाळांच्या नावांची पट्टी सरकायला लागायची. गावातली झाडून सगळी पोरं पायजम्यात त्या पट्टीकडे डोळे लावून बसलेली असायची.

कुणीही उठून फोन करू नये म्हणून चॅनेलवाले दर हिवाळ्यात प्रत्येक शाळेला एक गुप्त शब्द देतात. फोन करणाऱ्याचं नाव विचारत नाहीत, शब्द तेवढा विचारतात. त्या वर्षी आमच्या शाळेचा शब्द 'कलिंगड' होता. बाहेर शून्याखाली वीस, मिशीवर बर्फ, आणि एक अडुसष्ट वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून गंभीरपणे 'हॅलस्टन, कलिंगड, बंद' एवढं बोलून फोन ठेवतो, हे डोळ्यांपुढे आणलं की मला अजून हसू येतं. तो शब्द तिघांना ठाऊक असायचा: डेल्मर, सुपरिंटेंडेंट आणि बोर्डाची सेक्रेटरी. निदान तशी आमची समजूत होती.

मी मार्लिस क्वेड. 'हॅलस्टन बीकन' हे आमचं साप्ताहिक मी एकतीस वर्षं काढते. काढते म्हणजे लिहिते, जुळवते, तपासते आणि गुरुवारी सकाळी पोस्टात नेऊन टाकतेही. चॅनेल सहावाले जे मंगळवारी संध्याकाळी सांगून मोकळे होतात ते मी गुरुवारी छापते, म्हणून मला चिडवतात. चिडवोत बापडे. माझी बातमी लोक कापून फ्रिजवर लावतात. त्यांनी फ्रिजवर टीव्ही लावून दाखवावा.

डेल्मरचा फोटो अशा कितीतरी फ्रिजवर वर्षानुवर्षं होता. एकदा भर वादळात त्याची बस शेतांमध्ये अडकली तेव्हा तो बावीस मुलांना दोरीला धरून पीटरसनांच्या घरी चालत घेऊन गेला होता. दोन दिवस तिथेच. पीठ संपेपर्यंत पॅनकेक केले, मग पोरांना पत्ते शिकवले. चॅनेल सहाने त्या रात्री सुखरूप असलेल्यांची बावीस नावं एकेक करून वाचली, आणि बावीस घरांमध्ये आया खुर्चीत बसून रडल्या. डेल्मरला त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "पीटरसनबाईचा तवा चांगला होता." बोलणं त्याचं एवढंच. तरुणपणी कोरियाच्या युद्धात लष्कराचा ट्रक चालवला, मग वडिलांची शेती केली, ती विकली आणि बसवर आला. गाडीला कधी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही त्याने.

आणि त्याची ती गॅरेजची भिंत. शाळा बंद केली की तो गॅरेजमध्ये जायचा आणि सुताराच्या जाड पेन्सिलीने फळीवर नोंद करायचा. तारीख, 'बंद', आणि पुढे कारण दोन शब्दांत. 'वादळ, उत्तरेकडून.' 'उणे एकतीस.' 'पुलावर बर्फ.' एकोणतीस हिवाळे त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उतरले होते. कारण नाही अशी एकही ओळ नव्हती. कारणाशिवाय शाळा बंद करणारा माणूस म्हणजे आळशी माणूस, असं त्याचं मत.

तर सोळा जानेवारी, मंगळवार. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. वारा नाही, नवा बर्फ नाही, रस्ते कोरडे. आणि साडेपाचला पट्टीवर आलं: हॅलस्टन शाळा, बंद.

गाव गोंधळलं. पण आमच्या गावाची एक खोड आहे, टीव्हीवर आलेल्याला आम्ही लगेच उलट विचारत नाही. प्रत्येकाला वाटलं, डेल्मरला काहीतरी दिसलं असेल. नवे सुपरिंटेंडेंट केसल, त्यांनाही तसंच वाटलं. ते आपल्या घरी कॉफी पीत पट्टी बघत होते. शाळेच्या स्वयंपाकिणींनी टर्की बाहेर काढून ठेवली होती, ती परत आत ठेवली. नऊ वाजता लख्ख ऊन पडलं, पोरं बर्फावर घसरगुंड्या करायला लागली, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. आणि प्रकाश पडला तसं अजूनच काही कळेनासं झालं.

मी चॅनेल सहाला फोन केला. पहाटेचे फोन घेणारी ट्रूडी मला शाळेत असल्यापासून ओळखते.

"पाच दहाला आला फोन," ती म्हणाली. "शब्द बरोबर होता. मी लिहून घेतलं."

"आवाज डेल्मरचा होता का?"

"मार्लिस, वादळाच्या दिवशी मला चाळीस फोन येतात. मी शब्द ऐकते, आवाज ऐकत नाही."

"आज वादळ नव्हतं. एकच फोन आला असेल तुला."

"खरंय. पण सवय ना. घोगरा होता आवाज, एवढं आठवतं. पहाटे पाचला कुणाचा नसतो?"

बुधवारी मी डेल्मरच्या घरी गेले. तो गॅरेजमध्ये होता, उपड्या बादलीवर बसून भिंतीकडे बघत. त्याची बायको आयोन दारात टॉवेल घेऊन उभी होती, ती मला बघून आत गेली.

"डेल्मर, फोन तू केलास का?"

"केला असणार."

"असणार म्हणजे?"

"टीव्हीवर आलं ना. टीव्हीवर येतं म्हणजे मीच सांगितलेलं असतं. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी सांगितलंय?"

"पण केल्याचं आठवतंय का तुला?"

त्याने बराच विचार केला. "फोन उचलल्याचं आठवतं. कलिंगड म्हणाल्याचं आठवतं. पण ते कालचं की डिसेंबरातलं, ते नाही सांगता येत. तू गेल्या मंगळवारी दात घासलेस का, मार्लिस?"

"घासले असणार."

"हं. तसंच."

त्याचं म्हणणं असं होतं: तो रस्ते बघून आला, टोपी घालून बसकडे निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर पट्टी दिसली. 'हॅलस्टन, बंद.' त्याने टोपी काढली, गॅरेजमध्ये आला आणि नेहमीसारखी नोंद केली. त्याने बोट दाखवलं. '१६ जानेवारी. बंद.' पुढे कोरी फळी.

"कारण नाही लिहिलंस."

"आठवेना. आठवलं की लिहीन." पेन्सिल त्याच्या कानावर तशीच खोचलेली होती.

गुरुवारच्या अंकात मी सरळ छापलं: फोन कुणी केला हे कळलेलं नाही, सोमवारी संध्याकाळी बोर्डाची खुली सभा आहे, तोवर केसल यांनी बसवर दुसरा ड्रायव्हर घातला आहे. त्यानंतर कॉर्नर कॅफेत जो ऊत आला त्याला तोड नव्हती. कुणी म्हणालं हॉकीच्या पोरांचं काम, मंगळवारी त्यांची गणिताची परीक्षा होती. कुणी म्हणालं टीव्हीवाल्यांनीच मागचं काहीतरी पुन्हा लावलं. आणि बरेच जण काहीच न म्हणता कपाळाशी बोट नेऊन हलवत होते. ज्यांच्या पोरांना डेल्मरने दोरीला धरून नेलं होतं त्यांतलेही दोघे. मला त्या बोटांचा इतका राग आला की मी कॉफी अर्धी टाकून उठले.

राग कशाचा, तर मलाही तेच वाटत होतं.

शनिवारी मी ऑफिसात बोर्डाच्या जानेवारीच्या बैठकीचं इतिवृत्त जुळवत बसले होते. कायद्याने बोर्डाला आपलं इतिवृत्त गावातल्या वर्तमानपत्रात शब्दशः छापावं लागतं, आणि गावातलं वर्तमानपत्र मीच. सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. कोण हजर, कोणी ठराव मांडला, कोणी पाठिंबा दिला. ते कुणी वाचत नाही. मीसुद्धा वाचत नाही. मी अक्षरं बघते. एक नाव नक्की कसं छापलं होतं ते बघायला मी नोव्हेंबरचा अंक काढला, आणि माझी नजर एका ओळीवर थांबली.

बोर्डाची नवी सेक्रेटरी कुणाला शिंक आली तरी टिपून ठेवणारी. तिने लिहिलं होतं: 'हिवाळी बंदसाठी चॅनेल सहाने दिलेला कलिंगड हा शब्द मान्य करण्याचा ठराव. पाठिंबा मिळाला. मंजूर.'

आणि मी ते छापलं होतं. गुप्त शब्द, तीन हजार दोनशे घरांत, माझ्या हाताने, पोस्टाने पाठवला होता. नोव्हेंबरपासून तो त्यांच्या रद्दीत पडून होता.

मला आधी घाम फुटला आणि मग, खरं सांगते, आनंद झाला. चूक माझी होती, डेल्मरची नव्हती. फोन कुणीही केलेला असू शकत होता. मी ते पान कापून पर्समध्ये घातलं आणि कोटाची बटणंही न लावता त्याच्या घरी गेले.

तो पुन्हा बादलीवरच होता. मी त्याला ती ओळ वाचून दाखवली. दोनदा. दुसऱ्यांदा त्याने कात्रण हातात घेऊन स्वतः वाचली, ओठ हलवत.

"म्हणजे कुणीही असेल," तो म्हणाला.

"बीकन घेणारं कुणीही."

"मग मी नाही."

"तूच असायला पाहिजेस असं नाही."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझी आई शेवटी शेवटी मला मामा समजायची," तो म्हणाला. "गाय बांधलीस का विचारायची. गाय विकून वीस वर्षं झाली होती. मला वाटलं, मार्लिस, आलं. माझ्यावरही आलं." आणि तो रडला. फार नाही, शर्टाच्या बाहीने पुसता येईल एवढं. त्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मलाही भरून आलं, आणि मी स्वतःवर खूश झाले, हेही सांगून टाकते.

आयोन मला गाडीपर्यंत पोचवायला आली. हातात खजुराच्या वड्यांचा डबा होता. बाहेर नाक जळेल अशी थंडी, आणि ती नुसत्या स्वेटरवर.

"सोमवारी वाचणार आहेस ते?" तिने विचारलं.

"वाचणार म्हणजे काय. आणि गुरुवारी पहिल्या पानावर छापणार. चूक माझी आहे."

"नको वाचूस."

"का?" मी विचारलं.

"फोन मी केला," आयोन म्हणाली. "झोपायच्या खोलीतल्या फोनवरून. त्यांनी नाव विचारलं नाही. शब्द विचारला, मी सांगितला. एकोणतीस हिवाळे त्याचे फोन ऐकतेय, मला नाही का येणार."

मग तिने सांगितलं ते असं. त्या पहाटे डेल्मर रस्ते बघून आला, हात चोळत म्हणाला, सगळे रस्ते मोकळे आहेत, टॅमरॅक ओढ्यावरच्या लाकडी पुलावरूनही जाऊन आलो. लाकडी पूल पाडून नऊ वर्षं झाली होती. आयोनला वाटलं जीभ घसरली असेल. तर तो कॉफी ओतता ओतता म्हणाला, आज रॉजरला पहिल्यांदा घ्यायचंय, त्याच्या आईला घाई असते. रॉजर म्हणजे त्या बावीस मुलांतला एक. आता पस्तिशीला आलाय, गावात दाताचा डॉक्टर आहे.

"आणि सव्वासहाला हा एकतीस मुलं घेऊन निघणार," ती म्हणाली. "मी काय करायचं होतं? गाडीच्या चाव्या लपवायच्या? आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी त्याला हळू चालव असं एकदाही म्हटलेलं नाही. म्हणायची वेळच आली नाही."

"त्याला सांगायचंस ना. डॉक्टरकडे ने त्याला."

"फेब्रुवारीतली वेळ घेतलीय. त्याला सांगितलंय कान तपासायचेत."

"आयोन, सोमवारी मी ते वाचलं नाही तर ते लोक त्याला काढतील."

"आणि वाचलंस तर त्याची माफी मागतील. मंगळवारी तो बसमध्ये बसलेला असेल."

"मग करू काय मी?"

"मला ते कळत असतं तर मी कलिंगड म्हणाले असते का?" ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात कोंबून आत गेली.

रविवार कसा गेला मला विचारू नका. एकतीस वर्षांत मी एकही बातमी दाबली नव्हती. एका मेयरची दाबली नाही, माझ्या सख्ख्या भावाची दाबली नाही. आणि आता माझ्या पर्समधला एक कागद बाहेर काढला तर एका माणसाची अब्रू वाचत होती आणि एकतीस पोरं धोक्यात येत होती, नाही काढला तर उलट. शिवाय त्या माणसाला मी आदल्या दिवशीच सांगून बसले होते की तू नाहीस. त्याला दिलेला तो आनंद परत कसा काढून घ्यायचा? मी खजुराच्या वड्या एकामागून एक खाल्ल्या आणि कशाचाही निर्णय झाला नाही. एक काम मात्र केलं. ट्रूडीला फोन केला आणि म्हटलं, आमच्या शाळेचा शब्द बदला. का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, जुना झाला.

सोमवारी शाळेच्या वाचनालयात साठेक माणसं जमली होती. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या. चॅनेल सहाचा कॅमेरा मागे उभा होता, म्हणून सगळे जरा ताठ बसले होते. आयोन आणि डेल्मर दुसऱ्या रांगेत. त्याने रविवारचा कोट घातला होता. आत आल्यावर त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान, मला वाटलं, म्हणत होती की आता वाच.

केसल माणूस वाईट नव्हते, नवखे होते. त्यांनी विषय वाचला आणि म्हणाले, "कुणाला याबद्दल काही माहिती असेल तर सांगावी." माझा हात पर्सच्या खटक्यावर होता. मी काय करणार होते ते मला त्या क्षणीही ठाऊक नव्हतं, आणि आजही नाही.

डेल्मर उभा राहिला.

"फोन मी केला," तो म्हणाला.

आयोनने त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोन दिवसांपूर्वी, माझ्यासमोर, हाच माणूस 'मग मी नाही' म्हणून रडला होता.

"पण मिस्टर हॉवलंड, तुम्ही तर म्हणाला होतात आठवत नाही," केसल म्हणाले.

"आता सांगतोय ना."

"रस्ते तर कोरडे होते."

"रस्त्यांचं काही नव्हतं."

"मग कारण काय होतं?"

डेल्मर टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. "कारण होतं," तो म्हणाला. "मुलांना त्या दिवशी बसमध्ये घालणं बरोबर नव्हतं. आजही नाही." मग त्याने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, पुढे जाऊन केसल यांच्या टेबलावर ठेवला. "दुसरा माणूस बघा. सात नंबरच्या बसचा दुसरा गिअर हळू टाकायचा, त्याला सांगा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांनी कॅफेत कपाळाशी बोट नेलं होतं ते आता जमिनीकडे बघत होते. केसल यांनी राजीनामा आभारासह स्वीकारण्याचा ठराव मांडायला सांगितलं. पाठिंबा मिळाला. मंजूर. आयोनच्या मांडीवर कागदी रुमालाचा पार चुरा झाला होता.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी मी त्याला गाठलं. आयोन कोट आणायला गेली होती.

"डेल्मर," मी हळू आवाजात म्हटलं, "शनिवारी मी तुला काय वाचून दाखवलं, ते आठवतंय ना?"

"कधी?"

"शनिवारी. गॅरेजमध्ये."

त्याने माझ्याकडे पाहिलं. निळे, शांत डोळे. मी एकतीस वर्षं लोकांचे चेहरे वाचून पोट भरते, पण तो चेहरा मला वाचता आला नाही. विसरला होता, की विसरल्याचं मला दाखवत होता? आयोनने त्याला काही सांगितलं होतं का? गॅरेजला खिडकी आहे, आणि माझी गाडी तिच्यापासून दहा पावलांवर उभी होती. त्याने ऐकलं असेल का?

"कॉफी घेतलीस का तू?" तो म्हणाला. "आज पातळ आहे."

चॅनेल सहाने त्या रात्री बारा सेकंदांची बातमी दिली. 'एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने चूक मान्य केली.' चूक हा शब्द त्यांचा, डेल्मरने तो उच्चारला नव्हता. गुरुवारी मी पहिल्या पानावर त्याचा जुना फोटो छापला, बावीस मुलं आणि पीटरसनांचा तवा, आणि खाली फक्त त्याच्या नोकरीची वर्षं लिहिली. इतिवृत्त सातव्या पानावर, शब्दशः. नोव्हेंबरच्या त्या ओळीबद्दल मी आजवर कुणाला बोलले नाही. बरोबर केलं का? कधी वाटतं हो, कधी वाटतं मी भित्री आहे. लोक मला विचारतात, मार्लिस, तुला सगळं ठाऊक असतं, त्या दिवशी नक्की झालं काय? मी म्हणते, छापलंय तेवढंच.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी कान उत्तम असल्याचं सांगितलं आणि बाकीचंही सांगितलं.

एप्रिलमध्ये आयोनने मला बोलावलं. ती दोघं तिच्या बहिणीजवळ राहायला जायची होती, घर विकायला काढलं होतं. डेल्मर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला होता. मला बघून म्हणाला, "बीकनवाली आली," आणि हसला. नाव नाही आठवलं, पण पेपर आठवला. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

आयोन मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. सगळं रिकामं झालं होतं, बादलीसुद्धा नव्हती. तिने भिंतीच्या खालच्या फळीकडे बोट दाखवलं. मी गुडघ्यांवर बसून वाचलं. '१६ जानेवारी. बंद.' आणि पुढे, जिथे मी कोरी फळी बघितली होती तिथे, त्याच जाड पेन्सिलीने, त्याच अक्षरात, दोनच शब्द.

'ड्रायव्हर आजारी.'

"कधी लिहिलं त्याने?" मी विचारलं.

"ठाऊक नाही."

"सभेच्या आधी की नंतर?"

"मार्लिस, मी विचारलं नाही," आयोन म्हणाली. "परवा झाडताना दिसलं."

मी सवयीने वही काढली आणि तशीच पर्समध्ये ठेवली. आतून डेल्मरचा आवाज आला. तो विचारत होता, आज रस्ते कसे आहेत.

"कोरडे आहेत," आयोनने ओरडून सांगितलं, आणि ती आत गेली.